हसू आणि हाक

त्या राज्यात सदर लहान होती आणि तिच्याखाली तळघर होते. धन्याला लागणारी प्रत्येक गोष्ट सदरेवर, उजेडात असावी लागे. अंधारातल्या गोष्टीला त्याचा हात पोहोचत नसे. जागा भरली की रीत ठरलेली होती. जे बराच वेळ गप्प असेल, त्याला घुशींनी पोत्यात घालून खाली न्यायचे. धन्याने पुन्हा काही मागितले की त्याची हाक जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राही, आणि ती वस्तू वर येईपर्यंत हलत नसे. वस्तू आली की कुणी मागितली ते हाकच सांगे; धन्याला स्वतःला ते आठवत नसे.

एका कोपऱ्याला मात्र ही रीत लागू नव्हती. तिथे धन्याच्या गेलेल्या लेकीचे हसू बसे. कुणालाही शिंक आली की ती हसायची, तेच ते. वर्षातून एकदा, तिच्या तिथीला, धनी ते मागत असे. एरवी ते नुसते बसून असे, आणि जुन्या कारभाऱ्यांना त्याला उठवावेसे कधी वाटले नव्हते.

मग कारभार उदमांजराकडे आला. त्याच्या अंगाला अत्तरासारखा वास होता, आणि त्या वासाखाली दुसरा एक वास होता. राज्य मंद चालते, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते खरे होते. कामे, निरोप, तक्रारी यांची सदरेवर दाटी झाली होती. उदमांजराने तळघर दुप्पट खणायला सांगितले.

म्हाताऱ्या हाकेने विचारले, "कारभारी, जागा वर कमी आहे. मग खणताय खाली कशाला?"

"सदर वाढवायची तर भिंती पाडाव्या लागतात, हाकबाई. खाली घुशी पुरतात, आणि त्या आपल्याच आहेत." मग त्याने कोपऱ्याकडे मान वळवली. "हे काय काम करतं?"

"तिथीला लागतं."

"तिथीला आणू की. मी काय त्याला टाकून देतोय?"

घुशींनी पोत्याचे तोंड दातांनी आवळले. हाक वाकून म्हणाली, "भिऊ नको, बाळा. धनी मागतील. मी जिन्याशी उभी असेन."

तळघराला पाझर होता. लेंड्यांच्या थरावर पोती रचलेली असत आणि ओलीने एकमेकांना चिकटत. वर येणाऱ्या गोष्टींच्या कडा कुरतडलेल्या असत. त्यांना लाळेचा वास येई. तरी तळघर मोठे झाले म्हणून उदमांजराने आणखी कामे अंगावर घेतली. आता एक गोष्ट वर आणायची तर दुसरी खाली न्यावी लागे, आणि ती खाली पोहोचते न पोहोचते तोच तीच हवी असे. निरोप वर आला की त्याचे उत्तर जिन्यात असे. सदरेवर काहीच होईना. सगळे राज्य जिन्यावर होते. उदमांजर वरच्या पायरीवर पंजे चाटत बसे आणि पाहुण्यांना म्हणे, "बघा, कुणी क्षणभर तरी थांबलंय का?" पाहुणे नाकाला कापड लावून मान डोलावत.

तिथी आली. धन्याने हसू मागितले. हाक जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. पोते अगदी तळाशी, नव्या पोत्यांच्या ढिगाखाली होते. उन्हे सदरेवरून सरकली. हाक हलली नाही, बोलली नाही. तिचे काम तेच होते.

शेवटी पोते सापडले, आणि त्याच्यासाठी वर जागा करायची वेळ आली. घुशींनी सदर न्याहाळली. कोणीतरी बराच वेळ गप्प उभे होते.

जिन्याच्या वळणावर दोन पोती समोरासमोर आली. जिना अरुंद होता. घुशींनी अंग चोरून एकमेकींना वाट दिली, पोती एकमेकांना घासली, आणि एक वर गेले, एक खाली.

सदरेवर पोते उघडले तेव्हा बुरशीचा भपकारा आला. धन्याला शिंक आली. पोत्यात काहीतरी हलले, पुसटसे. धन्याने नाकाला उपरणे लावले आणि विचारले, "ही घाण कुणी मागवली?"

उदमांजराने इकडेतिकडे पाहिले. घुशी पोत्याचे तोंड पुन्हा आवळू लागल्या.