बल्ब आणि पत्ती

"म्हणजे दोष माझा नाही. एवढं तरी मान्य आहे ना, भंतेजी?"

धनपाल रामटेके तिसऱ्यांदा हेच विचारत होता. तंत्रनिकेतनात वीजशास्त्र शिकवणारा माणूस तो. प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत सोडायचा नाही, ही त्याची सवय.

भंते शीलरत्न खिडकीपाशी पुस्तक धरून उजेड शोधत होते. आभाळ भरून आलं होतं. विहाराच्या त्या खोलीत दुपारीच अंधारलं होतं.

"धाकटा भाऊ माझा, सुगत, आईला माझ्या घरून परस्पर भंडाऱ्याला घेऊन गेला," धनपाल म्हणाला. "मला न विचारता."

"सुगत काय म्हणतो?"

"म्हणतो, तिचा श्वास कोंडला होता. तुला फोन लावला, लागला नाही."

"खरं आहे?"

"...खरं आहे. मी पुण्याला प्रशिक्षणाला होतो. वर्गात फोन बंद ठेवावा लागतो. पण यात माझी काय चूक?"

"काहीच नाही."

धनपालला बरं वाटलं. पण आई तिकडे सुगतच्या घरीच अंथरुणाला खिळली होती. धाकट्याच्या दारात पाय ठेवायचा नाही, ही शपथ घेऊनही बरेच महिने लोटले होते.

"माझा टेबलावरचा दिवा लागत नाही," भंते म्हणाले. "बघतोस?"

धनपालने चष्मा वर केला. हे त्याचं राज्य होतं.

बल्ब काढून त्याने दाराबाहेरच्या होल्डरमध्ये लावला. लख्ख पेटला.

"बल्बचा दोष?" भंतेंनी विचारलं.

"नाही."

भिंतीतल्या सॉकेटला स्वतःचा मोबाईल लावून पाहिला. चार्ज होऊ लागला.

"त्याचा?"

"त्याचाही नाही."

दिव्याची पिन पुन्हा सॉकेटमध्ये लावून, बटण दाबून त्याने होल्डरमध्ये खिशातला टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला. म्हणजे वायर धड होती, बटणही धड होतं. वीज थेट होल्डरच्या तळापर्यंत येत होती.

त्याने बल्ब परत बसवला. अंधारच.

"सगळं नीट आहे," तो चिडून म्हणाला.

"मग लागत का नाही?"

धनपालने पिन काढली, बल्ब उतरवला आणि मोबाईलचा उजेड होल्डरमध्ये पाडला. तळाशी पितळेची छोटी पत्ती असते, ती दबून सपाट झाली होती.

"बल्ब हिच्यापर्यंत पोचतच नाही. मधे फट पडलीय. दोरा जाईल एवढी."

"मीच केलं असेल," भंते म्हणाले. "लुकलुकला की मी बल्ब आणखी आवळायचो."

"सगळेच तसं करतात."

"ही फट कुणाची? बल्बची, की पत्तीची?"

धनपालने पुन्हा होल्डरमध्ये पाहिलं, मग हातातल्या बल्बकडे.

"...कुणाचीच नाही," धनपाल हळूच म्हणाला.

टेस्टरच्याच टोकाने त्याने पत्ती अलगद वर घेतली. बल्ब बसवला. बेताचाच फिरवला. पिन लावली.

टेबलावर उजेड पडला. भंते पुस्तक घेऊन खुर्चीत येऊन बसले आणि वाचू लागले. जणू धनपाल खोलीत नव्हताच.

तो तसाच उभा राहिला. खिशातला फोन काढला, सुगतचं नाव उघडलं, पुन्हा बंद केलं. आई आपल्याला शेवटचं काय म्हणाली होती, ते आठवेना. आठवेना, तसे त्याचे डोळे भरून आले.

"भंडाऱ्याची गाडी पाचला आहे," तो म्हणाला.

भंतेंनी पान उलटलं.

धनपालने वंदन केलं. दारापर्यंत गेला. चप्पल पायात सरकवली आणि उंबऱ्याशी अडला.

"जातो, भंतेजी. पण एक सांगा... दोघांचीही चूक नाही, तर मीच का म्हणून झुकायचं?"

भंतेंनी पुस्तकातून डोकं वर केलं. ते खरोखरच बुचकळ्यात पडलेले दिसले.

"झुकायला कोण सांगतंय? पत्ती तर तू वर उचललीस."