रंगोबा तांबटाची घरपाहणी

सात वेशींच्या एका पुरातन नगरात रंगोबा नावाचा एक भोळा तांबट राहत होता. ईश्वराने त्याला हात चांगले दिले होते; त्याने घडवलेली घागर तीन पिढ्या टिकत असे. कानही चांगले दिले होते. सांगितलेला एकही शब्द ते सांडू देत नसत. दोन कानांच्या मध्ये जे असते, ते वापरण्याचे काम मात्र ईश्वराने रंगोबावर सोपवले होते. रंगोबाने ते अद्याप मनावर घेतले नव्हते.

रंगोबा आणि त्याची बायको भागीरथी तांबट आळीत परक्याच्या पडवीत राहत. एका माघात पडवीच्या मालकाने सांगितले, "चैत्रापर्यंत जागा मोकळी करा. माझा मुलगा संसार मांडतो आहे."

भागीरथीने वीस वर्षांची पुंजी नवऱ्यापुढे ठेवली.

"घर बघा," ती म्हणाली. "लहान असू दे, पण धड असू दे. या नगरातली घरे जुनी. वरून गिलावा, आतून वाळवी. आपल्याजवळ हे एवढेच आहे. एकदा फसलो की पुन्हा जमायचे नाही. आणि यंदा पाडव्याची गुढी आपल्या दारात उभी राहिली पाहिजे. नाही राहिली, तर मी माहेरी चालले."

"किती दिवसांसाठी?" रंगोबाने विचारले.

भागीरथीने त्याचे पागोटे त्याच्या हातात दिले.

आळीतील कालिकेच्या देवळात दाजीशास्त्री पुराण सांगत. रंगोबा त्यांच्याकडे गेला.

"शास्त्रीबुवा, घर घ्यायचे आहे. काय करू?"

"घेण्याआधी पाहणी कर. पाहण्या तीन आहेत. नव्या घराला डोळ्यांची पुरते. मध्यम वयाच्या घराला हाताची लागते. पुरातन घराची मुळापासून करावी लागते. कोणती करायची, ते घर बघून ठरव."

"म्हणजे आधी घर बघू?"

"नीट बघ."

पहिले घर एका कोष्ट्याचे होते. ते नगरातील अतिशय जुन्या घरांपैकी एक होते. रंगोबा त्याच्यासमोर रस्त्यात उभा राहिला आणि बघू लागला.

"पाहुणे, आत या की," कोष्टी म्हणाला.

"नको. बघतो आहे."

"मग आतूनही बघा."

"आत जायला सांगितलेले नाही."

तो सकाळपासून दुपारपर्यंत बघत राहिला. दुपारी कोष्ट्याची म्हातारी आई मीठ-मोहऱ्या घेऊन बाहेर आली. तिने घराची दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या रंगोबाच्या दिशेने फेकल्या आणि दार लावून घेतले.

संध्याकाळी शास्त्रीबुवांनी विचारले, "कसे आहे घर?"

"आहे."

"अरे, भिंती कशा आहेत?"

"उभ्या आहेत."

"तू तांबट ना रे? घागर घेणारे गिऱ्हाईक काय करते? नुसते बघत बसते? ठोकून बघते. तशी भिंत ठोकून बघावी."

"बरे झाले सांगितलेत. पुढच्या वेळी ठोकेन."

अर्धवट ज्ञान अज्ञानाहून घातक असते. अज्ञानी माणूस निदान हातोडा घेऊन निघत नाही.

दुसरे घर तेल्याचे होते. त्याच्या भिंती कुडाच्या होत्या. म्हणजे काटक्या विणून वर शेणमाती लिंपलेल्या. रंगोबाने ठोकले. भिंत बद्द वाजली. चांगले भांडे खणखणीत वाजते, हे तांबटाला बाळकडूबरोबर कळलेले असते. म्हणून त्याने जरा जोराने ठोकले. बद्द. मग त्याने दोन्ही हातांनी ठोकले. काटक्या मोडल्या, हातोडा पलीकडे गेला आणि तेलिणीच्या चुलीवरील पितळी पातेल्यावर बसला. खणकन आवाज झाला.

"वाजली!" रंगोबा म्हणाला. "भिंत उत्तम आहे."

"आमटी सांडली ना, मेल्या!" तेलीण पलीकडून ओरडली. "आणि भिंत राहिलीच आहे कुठे आता?"

रंगोबाने भोकातून डोकावून बघितले.

"आहे की. भोकाच्या सगळ्या बाजूंनी आहे."

हे शास्त्रीबुवांच्या कानावर रंगोबाच्या आधी पोहोचले होते.

"कुडाची भिंत ठोकतात का रे, शहाण्या? तिथे पाणी घालून बघायचे, गळते का. आणि इठोबा गवंड्याला बरोबर ने. चाळीस वर्षे तो या नगरातील घरे सावरतो आहे."

"पुढच्या वेळी पाणी घालेन. इठोबालाही नेईन."

तिसरे घर एका वैद्याचे होते. ते नवे होते. छपराची कौले गेल्याच वर्षी घातलेली होती. वैद्यबुवा रोग्याकडे गेले होते. घर उघडे होते. रंगोबाने इठोबा गवंड्याला ओट्यावर बसवले आणि तो आत गेला. घागर गळते ती तळाशी, हे त्याला ठाऊक होते. त्याने मागचे दार लावले. मोरीचे तोंड चिंध्यांनी बुजवले. मग परसातल्या आडावरून पाणी आणून तो घर भरू लागला.

इठोबा ओट्यावर पान खात होता. त्याला कोणी काही विचारले नाही. विचारल्याशिवाय सांगण्याची त्याला सवय नव्हती.

तिसऱ्या प्रहरी वैद्यबुवा परतले. माजघरात घोटाभर पाणी होते. हिरडा, बेहडा आणि आवळकाठी देवघराच्या दिशेने तरंगत निघाली होती.

"अहो, हे काय चालले आहे?"

"पाहणी," रंगोबा म्हणाला. "घर चांगले नाही. उंबऱ्यावरून गळते."

त्या संध्याकाळी भागीरथीने जेवण वाढताना एवढेच सांगितले, "वैद्यबुवा भेटले होते. विचारत होते, यजमानांना हे केव्हापासून आहे."

दुसऱ्या दिवशी देवळात शास्त्रीबुवांनी पोथी बंद केली.

"इठोबाला नेले होतेस ना?"

"हो."

"मग तो काय म्हणाला?"

"काही नाही."

"तू काय विचारलेस?"

"न्यायला सांगितले होते. विचारायला सांगितले नव्हते."

दाजीशास्त्री शांत स्वभावाचे होते. तरी त्यांनी कालिकेकडे एकदा बघून घेतले.

"आता नीट ऐक. पहिली गोष्ट, दुसऱ्याच्या घराला हात लावायचा नाही. परक्या वस्तूची नासधूस हे पाप आहे. दुसरी गोष्ट, जुन्या घराची खोड वरून दिसत नाही. ती गिलाव्याखाली असते, तुळईच्या टोकाशी असते, पायाच्या दगडांत असते. तिथे डोळा पोहोचल्याशिवाय घर चांगले आहे असे म्हणायचे नाही. आणि तिसरी, इठोबाला नुसता नेऊ नको. विचार."

"तिन्ही करीन," रंगोबा म्हणाला. आणि त्याने तिन्ही केल्या.

चौथे घर पूर्वेच्या वेशीजवळ होते. काळ्या दगडाचे, चिऱ्यावर चिरा बसवलेले, सागवानी तुळयांचे. दोनशे वर्षांचे आणि दोनच खणांचे. त्याचे मालक वृद्ध दांपत्य होते. मूलबाळ नव्हते. उरलेले आयुष्य काशीस काढावे, या विचाराने ते घर विकत होते.

"कानाकोपरा सारा बघून घ्या हो," म्हातारे गृहस्थ म्हणाले. "आमच्या वडिलांनी जपलेली वास्तू आहे. लपवण्यासारखे काही नाही."

रंगोबा विचारात पडला. आयुष्यात त्याने केलेला हा पहिला विचार होता. तुळईच्या टोकापर्यंत डोळा पोहोचायचा, तर घराला हात लावावा लागणार. दुसऱ्याच्या घराला हात लावणे पाप. तेव्हा पाहणी करायची तर घर आधी आपले असले पाहिजे.

विचार सरळ होता. सरळ वाटही चुकीच्या दिशेने गेली तर विहिरीपाशी पोहोचते.

रंगोबाने भागीरथीची सारी पुंजी दिली. खरेदीखत झाले. म्हातारा-म्हातारीने उंबऱ्याला नमस्कार केला आणि ती काशीस गेली. पाप टळले, म्हणून रंगोबाने कालिकेपुढे नारळ फोडला. मग तो इठोबाला घेऊन आला.

"इठोबा, तुळईचे टोक कसे दिसेल?"

"भिंतीतून काढली तर दिसेल."

"तुळई भिंतीतून कशी निघेल?"

"वरचे छप्पर उतरवले तर."

"आणि पाया?"

"वर भिंत आहे तोवर कसा दिसणार?" इठोबा म्हणाला आणि पान थुंकायला गेला.

तो परत आला तेव्हा रंगोबा छपरावर होता.

पाहणी अठरा दिवस चालली. रंगोबाने आळीतले चार गडी बोलावले. काम मन लावून केले. कौल न् कौल उन्हात धरून बघितले. तुळया उतरवल्या, त्यांची टोके चाचपली, नाकाने हुंगली. चिरे एकेक करून काढले, पुसले आणि परसात रांगेने मांडले. रोज संध्याकाळी भागीरथी विचारी, "कशी चालली आहे पाहणी?"

"घर फार चांगले आहे," रंगोबा सांगे. "दिवसेंदिवस जास्तच चांगले निघते आहे."

भागीरथी सुखावली. खरेदीखत झाले आहे, हे तिला ठाऊक नव्हते. धड घर मिळत असेल तर माणसाने घाई करू नये, असे तिला वाटले. माघ गेला. फाल्गुन सरत आला.

पाडव्याच्या आदल्या सकाळी ती स्वतःच निघाली. घर बघावे, पसंत पडले तर आजच्या आज व्यवहार उरकून घ्यावा, असा तिचा बेत होता. व्यवहाराला वडीलधारे माणूस असावे, म्हणून तिने दाजीशास्त्र्यांनाही बरोबर घेतले.

पूर्वेच्या वेशीजवळ दोन घरांच्या मध्ये आकाश दिसत होते. त्याखाली, उघड्या पायाच्या खड्ड्यात, रंगोबा गुडघ्यांवर बसून शेवटच्या दगडाखालची माती हाताने झाडत होता.

भागीरथीने डावीकडे बघितले, उजवीकडे बघितले. दाजीशास्त्र्यांचे ओठ हलले. बहुधा ते नामस्मरण असावे.

"अहो," ती सावकाश म्हणाली, "घर कुठे आहे?"

रंगोबा उठला. हात झटकले. गेल्या अठरा दिवसांत त्याच्या तोंडावर असे समाधान कोणी पाहिले नव्हते.

"झाली पाहणी!" तो म्हणाला. "वरपासून खालपर्यंत सारे बघितले. वाळवी नाही, चीर नाही, ओल नाही. घे, भागीरथी, बेलाशक घे. इतके मजबूत घर या नगरात दुसरे नाही."