नारबानं मुलगी जागेवर ठेवली

एका गावात एक भोळा कॉम्प्युटरवाला होता. त्याचं नाव नारबा. भोळ्या माणसाला कॉम्प्युटर कसा चालवता येतो, असं विचारू नका. कॉम्प्युटरला बोटं लागतात, आणि ती नारबाला दहाच्या दहा होती.

शकूताईंच्या वधूवर सूचक मंडळात तो कामाला होता. मंडळाचा जुना प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालेना. म्हणून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या आठल्ये सरांनी नव्याच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवून दिला. खोटाखोटा हं! दिसायचा, चालायचा, पण हाताला लागायचा नाही. आपण दुसऱ्याच्या पोटात आहोत हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. नारबाचं आणि त्याचं चांगलं पटायचं.

नारबाला चौतिसावं लागलं होतं. जगाची लग्नं टाइप करून बोटं झिजली, पण स्वतःचं काही जमेना. शेवटी शकूताईंनाच दया आली.

"हे बघ, रविवारी आपला मेळावा आहे. पळसवाडीच्या हणमंतरावांची रत्नमाला यायची आहे, तिच्यासाठी तुझं नाव मी सुचवते. पण तोवर नीट वाग. मोठा घोळ घातलास तर तुझा फॉर्म चुलीत घालीन."

"ताई, आपल्याकडे गॅस आहे."

ताईंनी कपाळाला हात लावला. नारबा मात्र त्या दिवसापासून भांग पाडायला लागला. रत्नमालेचा फोटो त्यानं पाहिला होता. एकदा नव्हे, चाळीसदा.

सोमवारी पोटातला कॉम्प्युटर रुसला. एक नाव उघडायचं तर मध्ये चहा पिऊन व्हायचा. नारबानं सरांना फोन लावला.

"डिस्क कॅशिंग बंद असेल, चालू कर," सर म्हणाले.

"म्हणजे काय हो?"

"अरे, डिस्क म्हणजे माळा समज. दरवेळी माळ्यावर कशाला चढायचं? लोक जे सारखं मागतात ते खाली हाताशी ठेवायचं. मागितलं की लगेच दिलं."

नारबानं बटण दाबलं. कॉम्प्युटर पळायला लागला. नारबानं सरांचं वाक्य मनात पक्कं केलं.

दुपारी एक बाई आल्या. "मुलगा दाखवा, शिकलेला." मंडळात सगळ्यांत जास्त मागणी बँकेतल्या किरणला होती. नारबानं किरणचा फोटो हाताशी ठेवला होता, तो दिला. दुसरे आले, म्हणाले डॉक्टर हवा. नारबानं किरण दिला. तिसरे आजोबा आले, त्यांना नातसून हवी होती. त्यांनाही किरणच दिला.

आजोबा फोटो घेऊन शकूताईंकडे गेले. "हिला मिशा आहेत."

"नारबा! अरे, या किरणचं मागच्याच महिन्यात लग्न झालं! शिळं कशाला देतोस? कुणी काही विचारलं तर दरवेळी मुळापासून ताजं आण!"

"बरं ताई." नारबानं हेही पक्कं केलं.

मंगळवारी एक गृहस्थ आले. बसले, पाणी प्यायले, म्हणाले, "त्या वाठारच्या मुलीची उंची किती हो?"

उंची फॉर्मवर लिहिलेली होती. फॉर्म टेबलावर होता. पण ती उंची शिळी! नारबानं टेप घेतला, एसटी पकडली आणि वाठार गाठलं. मुलगी अंगणात कपडे वाळत घालत होती. हा मागून टेप लावायला गेला. पुढचं सांगायला नको. तिच्या आईच्या हातात खराटा होता आणि आईचा नेम चांगला होता.

संध्याकाळी नारबा परतला. गृहस्थ खुर्चीतच पेंगत होते.

"पाच फूट दोन," नारबा म्हणाला. "फॉर्मवरही तेवढीच आहे."

ताई सरांपाशी फोनवर रडकुंडीला आल्या. सरांनी नारबाला फोनवर घेतलं. "बाबा रे, माणसाला असं ताटकळत ठेवू नये. कॉम्प्युटर बघ कसा शहाणा! आपण काही दिलं की तो आधी 'झालं' म्हणतो. हातात धरून ठेवतो. मग सवड मिळाली की जागेवर नेऊन ठेवतो. आपण मोकळे!"

"असं होय!" नारबा म्हणाला.

बुधवारी ताईंनी मंगल कार्यालय ठरवायची चिठ्ठी दिली. "देऊन आलास?"

"झालं!"

"इतक्यात?"

"झालं ताई!"

ताई खूश. पोरगं सुधारलं म्हणाल्या. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी ताई सतरंज्या घेऊन कार्यालयात गेल्या, तर तिथं कुणाच्या तरी मुंजीचा मांडव पडलेला. चिठ्ठी नारबाच्या हातात होती. घामानं तिचा लगदा झाला होता. जेवतानासुद्धा त्यानं ती सोडली नव्हती.

"सवडच मिळाली नाही ताई."

आता ताई खरोखर चिडल्या. "गाढवा! वस्तू जागेवर ठेवायची. ठेवलेली डोळ्यांनी बघायची. आणि मगच 'झालं' म्हणायचं! आता एक चूक, फक्त एक, आणि रत्नमाला विसर!"

नारबानं ते वाक्य रात्रभर घोकलं. ताईंनी हातापाया पडून शाळेचा हॉल मिळवला.

रविवारी शाळेत ही गर्दी! नारबा कॉम्प्युटर मांडून नावं घालायला बसला. पण आता त्यानं कॉम्प्युटरलाही ताईंचा नियम लावला होता. कॅशिंग बंद. एक नाव जागेवर पडेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही. तासाभरात नऊ नावं झाली आणि रांग फाटकाबाहेर गेली. नवरे मुलगे उन्हात वाळायला लागले.

आठल्ये सर धावत आले. त्यांनी कॅशिंग चालू केलं. नावं भराभर आत जायला लागली.

"हे बघ, मला दुसरीकडे काम आहे, मी निघालो," सर म्हणाले. "आता हा नावं हातात धरतोय, जागेवर गेलेली नाहीत. वीज गेली की हातातलं सगळं गेलं. बॅटरी जेमतेम दोन मिनिटं टिकेल. म्हणून दिवे लुकलुकले की बाकी सगळं सोडायचं. हातात जे असेल ते आधी जागेवर पोचवायचं. कळलं?"

"दिवे लुकलुकले की हातातलं जागेवर," नारबा म्हणाला. यात चूक काढून दाखवा! अक्षरन् अक्षर बरोबर होतं.

दुपारपर्यंत तीनशे बारा नावं झाली. तेवढ्यात हणमंतराव आले, मागं रत्नमाला. हणमंतरावांनी नारबाला चार प्रश्न विचारले. भीतीनं त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मुलगा मितभाषी आहे, असं हणमंतरावांचं मत झालं. रत्नमालाही हसली. ताईंनी सुपारी फोडायची तयारी केली.

"आधी फोटो! मंडळाच्या भिंतीवर लावू. हात धर रे तिचा."

नारबानं रत्नमालेचा हात हातात घेतला. आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा क्षण होता तो.

आणि दिवे लुकलुकले.

नारबानं हाताकडे बघितलं. हातात काय? रत्नमाला. तिची जागा कुठली? फॉर्मवर स्वच्छ लिहिलेली होती, मुक्काम पोस्ट पळसवाडी. वेळ किती? दोन मिनिटं!

तो जो पळत सुटला! फाटकाशी एसटी उभीच होती.

"अहो, काय झालं?" रत्नमाला धापा टाकत म्हणाली.

"दिवे लुकलुकले!"

तिला वाटलं, घरी काही विपरीत घडलं. बिचारी मुकाट्यानं बसली. पळसवाडीला त्यानं तिला तिच्या ओसरीवर बसवलं. दोन पावलं मागं झाला, डोळ्यांनी नीट बघितलं, "झालं" म्हणाला आणि उलट्या एसटीनं परत आला.

शाळेत हलकल्लोळ माजला होता. हणमंतरावांनी त्याची कॉलर धरली. "माझी पोरगी कुठाय?"

"जागेवर ठेवली. डोळ्यांनी बघितली."

हणमंतरावांनी घरी फोन लावला. पलीकडे रत्नमाला हसत होती. तिला हसू आवरत नव्हतं. "बाबा, दिवे लुकलुकले तेव्हा प्रत्येकजण आपापला मोबाइल चाचपत होता. या माणसाला एक मीच दिसले. फोडा सुपारी."

सुपारी फुटली. पेढा नारबाच्या तोंडात गेला. तेवढ्यात ताईंची नजर कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्याकडे गेली.

"नारबा, अरे तीनशे बारा नावं होती ना! ती नाही का ठेवलीस जागेवर?"

"ती माझ्या हातात कुठं होती, ताई?" पेढा गिळत नारबा म्हणाला. "ती कॉम्प्युटरच्या हातात होती. त्यालाच विचारा की!"