ओलं घोंगडं

फार पूर्वी, जिथे वर्षातले पाच महिने अंगण दिसत नाही अशा बर्फाळ डोंगरात एक गाव होतं. तिथल्या झऱ्यावर एक बाई दुसरीला म्हणत होती, "ऐकलंस का? सुताराने म्हणे पोटच्या लेकीचं घर मुद्दाम…" तेवढ्यात समोरून सुतारच आला, आणि बाईने घाईघाईने घागर उचलली. पण अर्धी गोष्ट पुरी करायला लोकांना कितीसा वेळ लागतो!

झालं होतं ते असं. सुताराच्या लेकीने आपल्या मनाने लग्न केलं होतं. नवरा खालच्या सपाट मुलखातला, स्वभावाने चांगला. दोघांनी घर बांधायला काढलं.

"छप्पर उभं हवं," सुतार म्हणाला, "आणि वर पाटीसारखा गुळगुळीत दगड. त्यावर बर्फ ठरत नाही."

"उभ्या छपरावर जर्दाळू कुठे वाळत घालायचे, मामा?" जावई म्हणाला. "उतार बेताचा ठेवा, वर गवत घाला. ऊबही राहील."

"गवत बर्फाला धरून ठेवतं."

लेक हसली. "बाबा, तुमच्या छपरावर मांजरसुद्धा बसत नाही. आमच्याकडे माणसं बसू देत की!"

सगळे हसले. सुताराला मात्र ते लागलं. लग्नाच्या वेळी विचारलं नाही, आता सांगितलेलंही ऐकत नाहीत. "तुमचं घर, तुमची मर्जी," एवढं म्हणून त्याने करवत उचलली.

त्या गावची एक रीत होती. छप्पर पुरं झालं की सुताराने वर चढायचं आणि मागच्या उतारावर, अगदी वरच्या टोकाला, ओलं घोंगडं ठेवायचं. ते आपसूक घसरलं तर "सुटलं!" अशी हाक द्यायची. मग ढोल, मग गूळ. अडलं तर छप्पर उतरवून पुन्हा बांधायचं.

सुताराने घोंगडं ठेवलं. ते गवताला चिकटून बसलं.

"बाबा, सुटलं ना?" लेकीने पुढच्या अंगणातून विचारलं. हातात गुळाचं ताट होतं.

सुतार काहीच बोलला नाही. घोंगडं खांद्यावर टाकून शिडी उतरला. लोकांना वाटलं, सुटलं; अडलं असतं तर तो बोलला असता. ढोल वाजला.

पौषात चार दिवस बर्फ थांबला नाही. पाचव्या दिवशी भर दुपारी तुळई मोडली आणि छप्पर आत बसलं. दोघं गोठ्यात होती म्हणून वाचली. नवा पाळणा मात्र खाली सापडला. रिकामाच होता; लेकीला सातवा महिना होता.

सुतार धावत आला, हातांनी बर्फ उपसू लागला. दोन दिवसांनीही तो उपसतच होता.

"बाबा," लेक म्हणाली, "लोक म्हणतात तुम्ही मुद्दाम कच्चं बांधलंत."

"नाही गं. तुम्ही सांगितलंत तसं, पण पक्कं बांधलं." तो थांबला. "घोंगडं मात्र अडलं होतं त्या दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तू आणखी एकदा विचारशील."

वाट मोकळी होताच दोघं सपाट मुलखात निघून गेली. सुताराने त्याच भिंतींवर उभं छप्पर चढवलं, गुळगुळीत दगडाचं. बर्फ त्यावरून सरसर खाली येई. आत चूल काही पेटली नाही.

झऱ्यावरची गोष्ट निम्मी खोटी निघाली. उरलेली निम्मी सुताराला जन्मभर पुरली.

तात्पर्य एवढंच: आपल्या माणसाचा राग आला तर खुशाल भांडावं, पण त्याच्यावरचं संकट दिसत असताना अबोला धरू नये.