विस्तव

त्या राज्यात सूर्य नव्हता. सगळी ऊब घरोघरीच्या चुलींची. चूल विझली तर शेजाऱ्याकडून विस्तव मागून आणायचा आणि विस्तवाला कुणी नाही म्हणायचं नाही, एवढा एकच कायदा तिथे होता.

पण वरून गोड वासाचा पूर येऊ लागला आणि चुली धुमसू लागल्या. पूर ओसरला की सरपण ओलं, भिंती चिरलेल्या. धगाबाईच्या आळीत आता दोनच चुली उरल्या होत्या, तिची आणि इंगळोजींची. हल्ली पूर यायच्या आधी साऱ्या राज्याला कापरं भरे. वर कुठेतरी काहीतरी सांडल्याचा आवाज येई, मग पूर कोसळे. धगाबाई चुलीवर ओणवी होऊन बसे. आपली विझली आणि इंगळोजींचीही विझली, तर विस्तव मागायचा कुणाकडे?

एके दिवशी पुराच्या आधी वरून एक वेल उतरली. हिरवी, अंगभर फोड आल्यासारखी खरबरीत.

"नाव काय गं तुझं?" धगाबाईने विचारलं.

"गुळवेल."

"नावात गूळ, आणि वास बघा!" इंगळोजींनी नाक मुरडलं. "वहिनी, हिला दारात घेऊ नका. घर कडूजार होईल."

"होऊ दे, भाऊजी. गोडानं काय भलं केलं आपलं?"

वेल उंबऱ्यावर आडवी झाली, भिंतींच्या चिरांत शिरली. पूर आला, तिच्यावर आदळला. तिची साल सोलवटून निघाली, पण चुलीपर्यंत पाणी पोचलं नाही.

मग धगाबाईने खापरीत विस्तव घेतला आणि दारोदार फिरली. एकेक चूल पेटत गेली. आळी उजळली. राज्याला ऊब आली आणि कापरं थांबलं.

"थांबलं गं बाई!" ती हसत वेलीला सांगायला आली.

"पूर्ण थांबलं?" वेलीने विचारलं. तिचा आवाज फार बारीक झाला होता.

"अगदी पूर्ण. का गं?"

 उरलंसुरलं अंग ओढत वेल पुन्हा उंबऱ्यावर आडवी होऊ लागली. ते पाहून धगाबाईने खापरी खाली ठेवली. तिने कान दिला. वर काही सांडल्याचा आवाज येत नव्हता.

वर, फार वर, हे राज्य ज्याच्या पोटात होतं त्याचा हात किती दिवसांनी स्थिर झाला होता. त्याने दारूची बाटली उचलली आणि एक थेंबही न सांडता पेला काठोकाठ भरला.