वाहवा करणारं विद्यापीठ

फार फार वर्षांपूर्वी, ज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही अशा एका राज्यात, नदीकाठी एक मोठं विद्यापीठ होतं. दूरदेशी वैद्यक शिकून परतलेली एक तरुण आचार्या तिथे शिकवायला आली.

तिला वाटलं होतं, इथे परमुलखातल्या मुलांना दारातच अडवत असतील. त्यांच्यासाठी भांडायचंच, असं ठरवून तिनं वाटेत कडक भाषणं मनाशी जुळवली होती. येऊन पाहते तर दारात फुलांची कमान, सनई आणि ओवाळायला तबक! डोंगरातली, समुद्रकाठची, वाळवंटातली मुलं हत्तीवर बसून आत येत होती. त्यांना राहायला अतिथिगृह होतं, जेवायला चांदीची ताटं होती.

आचार्येची भाषणं घशातच राहिली.

पण वर्ष सरत आलं तशी ती मुलं एकेक करून परत जाऊ लागली. जाताना सगळी हात जोडून म्हणत, "सगळं उत्तम होतं." शेवटी डोंगरातली एक मुलगी तेवढी उरली. तिच्या डोंगरात एकही वैद्य नव्हता, म्हणून लोकांनी तिला इथे धाडलं होतं. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. एका संध्याकाळी तीही आवराआवर करताना दिसली.

"काय होतंय तुला?" आचार्येनं विचारलं.

"काही नाही, बाई. सगळं उत्तम आहे."

"उत्तम असतं तर गालाची हाडं अशी वर आली नसती. खरं सांग!"

मुलगी खाली बसली. "इथे मला कुणी चूक म्हणत नाही, बाई. परवा गुरुजींनी औषधात घालायच्या विषारी मुळीचं प्रमाण विचारलं. मी सांगितलं, तर म्हणाले, 'वा!' शेजारच्या मुलीनं तेच उत्तर दिलं, तर तिला म्हणाले, 'गाढवे, रोगी मारशील!' म्हणजे मीही मारणारच की. आणि रोज पेलाभर दूध पुढे येतं, ते मला सोसत नाही, पण पाहुणीनं नको कसं म्हणायचं? असं शिकून गेले तर माझी माणसं माझ्याच हातून मरतील. त्यापेक्षा न शिकता गेलेली बरी."

आचार्या तडक कुलगुरूंकडे गेली आणि डोंगरातली मुलगीही निघाल्याचं तिनं सांगितलं.

"जातेय?" कुलगुरू हळहळले. "स्वागतात काही कमी राहिलं असेल. पुढच्या खेपेला कमान उंच करू."

"गुरुदेव, कमान पुरे झाली!"

"मग हत्ती वाढवू."

"हत्तीही नको! तिला नीट शिकवा. चुकली तर चूक म्हणा."

"अहो बाई, पाहुण्याला चूक म्हणायचं? तुम्ही फार दिवस बाहेर राहिलात. आपल्या रीती विसरलात. आणि मला सांगा, त्या मुलांची एक तरी तक्रार आलीय?"

"पाहुणा कधी तक्रार करतो का, गुरुदेव?"

"नाही ना?" कुलगुरू प्रसन्न हसले. "मग झालं तर."

आचार्येनं कपाळावर हात मारला. दगडाच्या भिंतीशी बोललं असतं, तर निदान आपला आवाज तरी परत ऐकू आला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ठरवलं, आता कुणाला विचारत बसायचं नाही. निघालेल्या मुलीला तिनं हाताला धरून वर्गात नेलं. तिथे तिच्यासाठी वेगळा गादीचा पाट मांडलेला होता. आचार्येनं तो उचलून बाहेर ठेवला आणि तिला सगळ्यांच्या रांगेत चटईवर बसवलं.

"त्या मुळीचं प्रमाण सांग."

"मूठभर," मुलगी पुटपुटली.

"चूक."

सगळा वर्ग वळून पाहू लागला. पाहुण्यांना असं कुणी बोललेलं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. मुलीचे डोळे भरून आले.

"किती चूक, बाई?"

"माणूस दगावेल इतकी."

मुलीनं डोळे पुसले आणि ताठ बसली. "मग बरोबर किती? आणि लहान मुलाला किती? तापात दिली तर चालते का?"

इतके दिवस तिनं एकही प्रश्न विचारला नव्हता. आता थांबेना. शेजारची मुलगी तिला कोपरानं ढोसत म्हणाली, "अगं, हळू! माझा रोगी परवाच मेलाय, मलाही ऐकू दे."

"तुला तरी गाढवे म्हणाले. मला वा म्हणाले."

"आणि तू गप्प बसलीस? दुधाचंही तसंच, होय ना? नाक मुरडत पितेस, पाहिलंय मी. सोसत नाही तर सांगायचं नाही का, वेडे? आम्हाला इथे ताक मिळायची मारामार!"

दुपारी त्या दोघी एका चटईवर बसून मुळीवरून कडाकडा भांडत होत्या. डोंगराकडे जाणारी गाडी तिची वाट पाहून रिकामीच निघून गेली.

तात्पर्य: दारात ओवाळल्यानं कुणी आपलं होत नाही, ज्याची चूक आपण सांगतो आणि ज्याची तक्रार आपण ऐकतो, तोच आपला होतो.