कण्हेरीला लिदीचा सडा

निळगडच्या तेजराव महाराजांची लाडकी घोडी कुरणात चरता चरता आडवी झाली, ती उठलीच नाही!

कुरण हिरवंगार होतं, पण मधोमध लाल फुलांची कण्हेर माजली होती. घोड्यानं चार पानं चघळली की खेळ खलास. ती झाडं महाराजांनी लहानपणी स्वतःच्या हातानं लावलेली. रोज सकाळी ते तिथं जात, एक फूल तोडून पगडीत खोवत आणि मगच कारभाराला बसत.

घोड्यांची निगा राखणारा रखमाजी मोतद्दार हात जोडून म्हणाला, "महाराज, कण्हेर विषारी असते. तेवढी तोडू द्या."

"एका पानालाही कोयता लागता कामा नये!"

"मग भोवती कुंपण घालतो."

"माझ्या फुलांना तुरुंग?"

"मग घोडे पागेत बांधून ठेवतो."

"माझे घोडे मोकळेच चरणार! आणि आता एक जरी घोडा दगावला, तर तू राज्याबाहेर!"

रखमाजी घरी आला आणि भाकरीकडे न बघताच भिंतीला टेकून बसला. त्याच्या बायकोनं, भिवरानं, खोदून खोदून सगळं काढून घेतलं.

"तोडायचं नाही, कुंपण नाही, बांधायचं नाही," ती म्हणाली. "सारवायचं नाही असं म्हणाले का?"

"सारवायचं? झाडांना?"

"म्हणाले का ते सांगा!"

"नाही बाई."

"मग जेवा."

सकाळी भिवरानं पागेतली लीद घमेल्यात कालवली आणि केरसुणीनं कण्हेरीवर सपासप शिंपडली. पानं, फुलं, शेंडे, काही म्हणून सोडलं नाही! घोडे आले. एकानं मान लांबवली, हुंगलं, फुर्रर केलं आणि पाठ फिरवून गवताला लागला. बाकीचे तर जवळही फिरकले नाहीत.

रखमाजीला हसावं की रडावं कळेना. "अगं, महाराजांनी पाहिलं तर?"

तेवढ्यात महाराज प्रधानजींना घेऊन आलेच! फुलासाठी हात पुढं केला आणि नाक दाबून मागं उडाले.

"अरे, काय मेलंय इथं?"

"काही नाही महाराज," भिवरा म्हणाली. "मरायचं थांबलंय!"

"माझ्या झाडांना लीद फासलीस? हुकूम मोडलास!"

"कुठला हुकूम? पान तोडलं नाही, कुंपण घातलं नाही, घोडा बांधला नाही. तुम्ही नाक धरून मागं सरलात ना? घोडेही तसेच सरतात."

"पण मग मी पगडीत फूल कसं खोवू?"

"झाडं मुळासकट काढून तुमच्या दरबारापुढं लावा. तिथं चरायला घोडे येत नाहीत, दरबारी येतात. आणि दरबाऱ्यांनी कण्हेर खाल्ल्याचं मी तरी ऐकलं नाही!"

प्रधानजींना जोराचा खोकला आला. महाराजांनी डोळे वटारले, ओठ आवळले आणि शेवटी असे खदाखदा हसले, की घोड्यांनी कान टवकारले!

"रखमाजी, आजच हलव ही झाडं! पण आधी धू!"

भिवराला त्यांनी हातातलं सोन्याचं कडं बक्षीस दिलं. एका हातानं नाक दाबलेलं होतं, म्हणून ते कडं काढायला प्रधानजींना मदत करावी लागली.